कळवतो म्हणालो होतो



इंदूरचा सांवेर रोड लवकर जागा होतो. टपरीवर पोह्यांची वाफ, सायकलला अडकवलेला डबा, पहिल्या पाळीची घाई. एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी मात्र एक तरुण फाइल घेऊन उभा असतो. इस्त्रीचा शर्ट, बहुधा थोरल्या भावाचा. तो मुलाखत देतो. निघताना त्याला एकच शब्द मिळतो. कळवतो. होळकरांच्या या शहरात तो हिंदीतूनही मिळतो, 'बता देंगे'. अर्थ तोच.

त्या एका शब्दावर एक घर थांबतं. आई शेजारणीला काही सांगत नाही, दृष्ट लागेल म्हणून. फोन वाजला की वडील मान वर करतात. मुलगा दुसरीकडचा अर्ज लांबवतो. आणि 'कळवतो' म्हणणारे आपण? आपण विसरून गेलेले असतो.

नाही म्हणणं कठोर नसतं. जागा थोड्या, माणसं फार. कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं. कठोर असतं ते न कळवणं. त्याला आपण भीड म्हणतो. मला तो आळस वाटतो.

फोन करावा. नाव घेऊन बोलावं. यावेळी जमलं नाही, हे आधी सांगावं. तुमचं काम आवडलं, हे खरं असेल तरच म्हणावं. उगाच आशा लावू नये.

तुमच्यापैकी कुणी दुकान चालवत असेल, कुणी कारखाना, कुणी शाळा. टेबलाच्या खणात एखादी फाइल अजून पडून असेल. आज पाळी सुरू होण्याआधी ती बाहेर काढा. त्या मुलाला आपण म्हणालो होतो, कळवतो.