चुचकारण्यातला धर्माधर्म

खोटी सही करणारा माणूस वाईट, याबद्दल आमच्या बँकेत दुमत नाही. वीस वर्षे मी लोकांच्या सह्या पडताळतो आहे. ‘प’ची शेपटी नेहमीपेक्षा जरा जास्त लाडात आलेली दिसली की माझ्या कपाळावर आठी चढते. पण खोटा आवाज काढणाऱ्याचे काय करावे, याबद्दल आमच्या नियमपुस्तिकेत अवाक्षर नाही. हा प्रश्न मला पडला तो आमच्या भाच्यामुळे.

भाचा अलाबामात असतो. आता तिथलाच झालाय. आठवडाभर संगणकावर पोट भरतो आणि दर वसंतात पहाटे चारला उठून रानटर्कीच्या मागे जातो. (आमच्या घराण्यात टर उडवणारे पुष्कळ झाले, टर्की उडवणारा हा पहिलाच.) गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्याने खिशातून वीतभरही नसलेली एक लाकडी नळी काढली. एक टोक बारीक, दुसरे कर्ण्यासारखे पसरट, मध्ये ओठांना टेकवायला एक छोटी चकती. हिला तिकडे ट्रम्पेट म्हणतात. पण ही फुंकायची नाही, ओढायची! शंख, पिपाणी, सनई, सगळी फुंकायची परंपरा असलेल्या देशात, ओढायची वस्तू म्हटली की मला एकच आठवते, आणि ती डॉक्टरांनी बंद केली आहे.

आमच्या सौभाग्यवतींनी मात्र नळी हातात घेतली आणि म्हणाल्या, “अरे, हे तर चुचकारणं!” मांजराला, पोपटाला आणि रडक्या पोराला जे करतात ते. ओठांच्या कोपऱ्यात टोक धरून त्यांनी असा काही ‘क्लक्’ काढला की भाच्याचा चहा गार झाला. त्याला एवढ्यासाठी महिना लागला होता. “मामी, तुम्ही अलाबामाला चला,” तो म्हणाला. मला कोणी चल म्हणाले नाही.

टर्कीच्या मादीचा आवाज काढायला सोपी साधने पुष्कळ आहेत. लाकडी पेटी आहे, झाकण घासले की वाजते. तिचे पेटंट आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सनने १८९७ साली घेतले. पाटीवर काडी घासायची तऱ्हा आहे. तोंडात टाळूला चिकटवायचा रबरी पडदा आहे, त्यात हात मोकळे राहतात. टर्कीची नजर इतकी तीक्ष्ण की माणसाने नुसता हात हलवला तरी खेळ खलास, त्यामुळे ही फार मोठी सोय. ट्रम्पेटला हात लागतात, वर शिकायला अवघड. मग ती घ्यायची कशाला? भाचा म्हणतो, तिचा आवाज लांब जातो, आणि जंगलातल्या नरांनी पेट्या नि पडदे इतके ऐकलेले असतात की त्यांनाही काहीतरी वेगळे हवे असते. दुकानात लोक लाकडावर भाळतात. कोकोबोलो, आफ्रिकन ब्लॅकवुड वगैरे. दोन्ही आपल्या शिसवीची चुलत भावंडे. पण बघायचे असते ते टोक. ते आपल्या ओठांत बसले पाहिजे, नाहीतर शिसव वाजत नाही, नुसती दिसते.

मग रियाज. आधी सुटा ‘क्लक्’, मग वरून खाली घसरणारा दोन सुरांचा ‘येल्प’. घसरण जबडा खाली सोडून साधायची. पसरट टोकाभोवती तळवे धरून आवाज जवळचा किंवा लांबचा करायचा. सुरुवातीचे आठ दिवस दाराची बिजागरी बोलते. भाच्याने हे सगळे ऑफिसला जाता-येता गाडीत केले. सिग्नलला शेजारच्या गाड्यांतले लोक काच वर करून घेत.

इथवर सगळे गमतीचे. पण एके रात्री जेवताना त्याने या नळीची आजी कोण ते सांगितले, आणि माझा घास जरा अडला. ती म्हणजे टर्कीच्याच पंखाची हाडे, पोकळ करून एकात एक बसवलेली. १९१४ साली मॅकिल्हेनी नावाच्या गृहस्थाने (टबॅस्को सॉसवाल्या घराण्यातला) चार्ल्स जॉर्डन या शिकाऱ्याच्या टिपणांवरून रानटर्कीच्या शिकारीवर पुस्तक काढले, तेव्हा ही हाडे जुनी झाली होती. म्हणजे पहा, मादीच्या हाडातून मादीचा आवाज काढून तिच्या नराला बोलवायचे! आणि निसर्गाचा रिवाज उलटा आहे. नराने पुकारा करायचा, मादीने जायचे. शिकारी ती रीत फिरवतो.

आवाजाची नक्कल करून कुणाला सुरक्षित जागेवरून हलवण्याचा आपल्याकडचा गाजलेला गुन्हा मारीचाच्या नावावर आहे. पण त्याला रावणाची धमकी होती, आणि नक्कल केली तेव्हा बाण लागून तो स्वतः मरत होता. भाच्याला कोणाची धमकी आहे?

मी हे बोलून दाखवले. तो शांतपणे म्हणाला, “मामा, नियम आहेत.” बहुतेक राज्यांत टेप लावून टर्कीला बोलवायला बंदी आहे. जिवंत मादी बांधून ठेवायलाही बंदी. वसंतातल्या मोसमात मारायचा तो नर. काही राज्यांच्या कायद्यात तर ‘दाढीवाला पक्षी’ असेच म्हटले आहे, आणि काही माद्यांनाही छातीवर दाढी असते. (ओळखपत्राचा हा घोळ आमच्या काउंटरवर रोज होतो.) म्हणजे यंत्राने फसवले तर गुन्हा, स्वतःच्या श्वासाने फसवले तर कौशल्य. मला हे आधी पटले. फसवणाऱ्याचा घाम निघाला, फजितीची शक्यता त्यालाही राहिली, की सामना बरोबरीचा. पण खोटी सही करणाराही घामच गाळतो. रबरी शिक्का मारणारा आणि महिनाभर ‘प’ची शेपटी घोटणारा यांत दुसऱ्याला सूट द्या, असे कोणताही मॅनेजर म्हणणार नाही. आणि टर्कीला, गोळी लागल्यावर, सूर टेपचा होता की ओठांचा, याने काय फरक पडतो?

भाच्याने मग हिशेब काढला, आणि हिशेबापुढे मी नेहमीच मऊ होतो. जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांनी १९३० च्या दशकात तिथे जेमतेम दोन लाख रानटर्की उरल्या होत्या. आज त्या लाखांच्या घरात कितीतरी पटींनी आहेत. त्या पुन्हा वाढवायला जो पैसा लागला त्यातला मोठा वाटा शिकाऱ्यांचा. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरचा कर (आज तो ११ टक्के आहे) १९३७ च्या कायद्याने रानातल्या प्राण्यांसाठीच राखला. फसवणारा आधी अनामत भरतो, असे म्हणा.

तरी मला आठवण झाली ती आपल्या फासेपारध्यांची. तितराचा आवाज हुबेहूब काढणारी माणसे. ना शिसव, ना चकती, नुसते ओठ. तिथे ही कला मखमली पेटीत बसते. इथे त्या जमातीला आधी इंग्रजांच्या ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याने पोलिसांच्या वहीत बसवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, वही काही मिटली नाही. मग १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तितरही गेला. तो कायदा असायलाच हवा. पण त्या ओठांनी पुढे काय करायचे, हे कोणी सांगितले नाही. भाचा यावर काही बोलला नाही, आणि मीही त्याला चुचकारले नाही.

तिकडच्या शिकाऱ्यांना एक धडा आधी देतात : टर्कीचा आवाज आला म्हणून त्या दिशेने दबकत जाऊ नका. पलीकडे झाडाला पाठ लावून दुसरा भाचा बसलेला असू शकतो. लाल, पांढरे, निळे कपडेही घालू नका. नराच्या डोक्याचे रंग तेच. खोट्या मादीला भुलून खोटा नर आला आणि दोघांकडे खऱ्या बंदुका, असे अपघात झालेले आहेत.

आणि सगळे जमले तरी नर येतोच असे नाही. तो उत्तर देतो, टप्प्याच्या जरा बाहेर येऊन उभा राहतो, आणि रिवाजाप्रमाणे ती येण्याची वाट बघतो. अशा वेळी नळी खाली ठेवून गप्प बसणे, हा म्हणे शिक्षणाचा शेवटचा भाग. यंदा एप्रिलात भाचा असा दीड तास गप्प बसला. नर पिसारा फुलवून साठ पावलांवर उभा. मग पलीकडच्या उतारावरून एक खरी मादी आली, आणि तो तिच्या मागोमाग निघून गेला. ती तर ओरडलीसुद्धा नव्हती.