हसावे कोणावर?

माझे एक चाचा होते. वुजू पूर्ण झाली की नाही, ही शंका त्यांना सारखी छळायची. हौद अर्धा व्हायचा, जमात उभी राहायची, आणि चाचा अजून कोपरापर्यंत हात धूतच असायचे. गेल्या वर्षी एका कथेत मी ते लिहिले. मित्र म्हणाला, "आपल्यावर हसणारे बाहेर कमी आहेत का? त्यात तू भर घालतोस!" मी तो परिच्छेद काढून टाकला.

धर्माच्या घरात हसावे की नाही, हा वाद ख्रिस्ती मंडळींत फार जुना आहे. चौथ्या शतकातील संत जॉन ख्रिसोस्टम यांचे म्हणणे असे, की शुभवर्तमानांत येशू रडल्याचे लिहिले आहे, हसल्याचे कुठेच नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम घालून दिले. चटकन हसू न येणे ही त्यांत नम्रतेची एक पायरी आहे. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांनी मात्र सततचा ताण मनाला सोसत नाही असे सांगून, जो कधी विनोद करीत नाही आणि दुसऱ्याचाही चालवून घेत नाही, त्यालाच दोषी ठरवले.

मला अक्वायनस पटतात. कुसळ आणि मुसळाचा दृष्टान्त ऐकताना येशूभोवतीची माणसे तोंड पाडून बसली असतील, हे काही खरे वाटत नाही. पण त्याच शुभवर्तमानांत दुसरेही हसणे आहे. शिपाई काट्यांचा मुकुट घालून त्याला 'राजा' म्हणून चिडवतात. हात बांधलेल्या माणसापुढचे ते हसणे. सूरह हुजुरातमध्ये एका समूहाने दुसऱ्याची टर उडवण्याला जी मनाई आहे, ती मला इथे आठवते.

मग मित्राचे म्हणणे बरोबर ठरते का? लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहिले की नाही वाटते. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. संसार मोडला, नातलग दुरावले, काही वर्षे नवरा-बायकोची ताटातूट झाली. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. थट्टा आणि हेटाळणी काय असते, हे या बाईंना कोणी शिकवायला नको होते. तरी १९३४ पासून भागाभागाने निघालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्या हसतात कोणाला? सोवळ्याच्या वेडापायी सारे घर हैराण करणाऱ्या आपल्या वडिलांना, हातात पैसा न टिकणाऱ्या आपल्या लहरी पतीला, आणि सर्वांत जास्त स्वतःला. अंगातले सोवळे कसे चिवटपणे टिकून राहिले, हे त्या आडपडदा न ठेवता सांगतात. हसणाऱ्या लोकांचे भय त्यांनी धरले असते, तर ते घर आपल्याला कधी दिसलेच नसते.

वडिलांच्या त्या सोवळ्यामागे कुटुंबावर कोसळलेला एक आघात होता, हेही लक्ष्मीबाई सांगतात. हसून झाल्यावर त्यांचा राग येत नाही, कीव येते. माझ्या परिच्छेदात तेवढे नव्हते. चाचांचा धाकटा मुलगा पटकीत गेला, त्या वर्षापासून त्यांचे हात धुणे वाढले, ही गोष्ट मी गाळली होती. विनोद पातळ होईल म्हणून!

ती घालून परिच्छेद मी परत कथेत ठेवला आहे. चाचा असते तर आधी रागावले असते. मग म्हणाले असते, "वाच बघू पुन्हा. हौदाचं जरा सावकाश वाच."