उभी वाटणी

धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या बाजूला, पांझरेच्या काठच्या काही गावांत फड पद्धतीने शेती भिजते. ही रीत ३०० वर्षांहून जुनी. नदीत दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या रानाचे मोठे मोठे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी पाटकरी सोडणार. शेतकऱ्याने आपल्या हाताने चारी फोडायची नाही. नदीला पाणी कमी असेल त्या साली पंच बसतात आणि एखादा फड कोरडा ठेवतात. घराघराची पट्टी प्रत्येक फडात असते, त्यामुळे कोरड कुणा एकाच्या वाट्याला येत नाही.

अशाच एका गावात एक शेतकरी होता. चार फडांत दोन-दोन एकर, अशी त्याची आठ एकर जमीन. तो वारला तेव्हा दोन्ही मुलं वाटणीला बसली. म्हातारा पाटकरी आपणहून आला.

"पोरांनो, चारही पट्ट्या उभ्या चिरा," तो म्हणाला. "दोघांचा एकेक एकर प्रत्येक फडात राहू द्या."

थोरला म्हणाला, "आबा, इतक्या अरुंद पट्टीत बैल वळायचे कसे? वरचे दोन फड मी घेतो, खालचे दोन धाकट्याला. दोघांची पायपीट वाचेल."

धाकट्यालाही ते पटलं. सोयीचंच होतं. आबा उठून गेला.

तीन वर्षं चांगली गेली. चौथ्या साली पावसाने ओढ दिली आणि दिवाळीच्या आधीच पांझरेची धार बारीक झाली. मारुतीच्या पारावर सगळे जमले. तीनच फडांना पुरेल इतकं पाणी होतं. बाप होता तेव्हा असली बैठक चिलीम विझायच्या आत उठायची, कारण कुठलाही फड बंद केला तरी प्रत्येकाचा चौथाई वाटाच जायचा. त्या दिवशी मात्र रात्र झाली. पाळी पहिल्या फडाची होती, आणि थोरला काही केल्या ऐकेना. वरची जमीन हलकी आहे, पाणी आधी तिला लागतं, खालच्या काळ्या रानात ओल टिकते... एकही मुद्दा खोटा नव्हता. फक्त यातला एकही त्याला बापाच्या हयातीत कधी सुचला नव्हता.

पंचांनी पहिला फड बंद केला. सगळ्या गावाचा चौथाई वाटा गेला, थोरल्याचा निम्मा. धाकट्याचं काहीच गेलं नाही.

पौषात एका रात्री थोरला खोरं घेऊन पाटावर गेला आणि त्याने चारीच्या तोंडाची माती ओढली. सकाळी जागल्याला ओली पावलं दिसली. त्या रात्रीचं पाणी चौथ्या फडाचं होतं. तिथल्या सगळ्यांच्या गव्हाची एक पाळी चुकली, धाकट्याचीही. थोरल्याने दंड भरला. धाकट्याने भर पारावर भावाला चोर म्हटलं, आणि एका ताटात जेवलेल्या भावांचं बोलणं तुटलं.

गाव म्हणालं, बाप देवमाणूस होता, पोरं तशी निघाली नाहीत. मला हे पटत नाही. बापही बांधाच्या वितीसाठी शेजाऱ्याशी भांडलेला होता. लोभ त्यालाही होताच. पण चोरून पाणी घ्यायचं म्हटलं तर ते आपल्याच दुसऱ्या पट्टीच्या तोंडचं निघायचं. शेजाऱ्याचं दुःख आणि त्याचं दुःख एकाच चारीवर होतं. मुलांनी जमीन वाटली तेव्हा हेही तोडलं, आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

पुढल्या साली पुन्हा ओढ. आता पाळी चौथ्या फडाची. पारावर धाकटा उभा राहिला. "खालच्या रानात जमीन भारी आहे," तो म्हणाला, "एकदा सुकली की भेगाळते. वरची हलकी, तिला काय..." आणि मध्येच थांबला. समोर थोरला बसला होता, मान खाली घालून. गेल्या साली हाच सूर, हाच त्वेष, फक्त जागा उलटी होती. धाकटा काही न बोलता खाली बसला. पंचांनी चौथा फड बंद केला.

त्या रात्री तो भावाच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला. वर्षभरात पहिल्यांदा.

"दादा, दोर आहे का घरात?"

थोरल्याने विचारलं नाही कशाला. आत जाऊन त्याने खुंटीवरचा दोर काढला.

आखाजीला पाटकरी आबासमोर चारही फड मोजले आणि प्रत्येक पट्टी उभी चिरली. मधे बांध घातला नाही, नुसते चार-चार दगड रोवले. पट्ट्या खरंच अरुंद झाल्या. थोरल्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. एकाला आपल्या वाट्यात बैलजोडी वळवताच येत नाही. म्हणून पेरणीच्या दिवशी दोघं बरोबरच निघतात. धाकट्याचं औत थोरल्याच्या रानात शिरून वळतं, थोरल्याचं धाकट्याच्या. आणि दगडापाशी आलं की मागचा थांबून पुढच्याला जागा देतो.