पासष्टीची रेघ

मेंदूमृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवायला असलेली ६५ वर्षांची अट केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये काढून टाकली. तेव्हापासून एक युक्तिवाद सारखा कानावर येतो: सत्तरीच्या म्हाताऱ्याला यकृत देणे म्हणजे तिशीतल्याच्या ताटातला घास काढून घेणे. असे म्हणणाऱ्यांना आपण मोठे अप्रिय सत्य बोलतो आहोत असे वाटते. प्रत्यक्षात ती ॲलन विल्यम्स या यॉर्कच्या अर्थशास्त्रज्ञाची उसनवारी असते, आणि तीही अर्धीच. प्रत्येकाला आयुष्याचा एक रास्त डाव मिळावा आणि ज्याचा तो खेळून झाला त्याने सार्वजनिक साधनांवरचा आपला हक्क सैल करावा, असे त्याने १९९७ मध्ये मांडले. तेव्हा तो स्वतः सत्तरीला टेकला होता, म्हणून त्याच्याविषयी आदर वाटतो. चाळिशीत बसून दुसऱ्याचा डाव घोषित करणाऱ्यांविषयी तेवढा नाही. शिवाय विल्यम्सला खरी टोचणी होती ती वेगळीच. कष्टकरी वर्गाला तो डाव पुरता मिळतच नाही, तेव्हा माप त्यांच्याकडे झुकवा, असे तो म्हणत होता. आमचे वयवादी हे पान सोयीस्करपणे उलटतात.

वैद्यकशास्त्रालाही ही रेघ फारशी मान्य नाही. अमेरिकेत २००२ पासून प्रौढांचा यकृताच्या प्रतीक्षायादीतला क्रम मुख्यतः ‘मेल्ड’ गुणांकावर ठरतो. त्यात बिलिरुबिन आहे, क्रिएटिनिन आहे, रक्त गोठण्याचा वेग आहे, वय नाही. आता तर काही ठिकाणी रुग्णाच्या हाताची पकड किती घट्ट, हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला किती वेळ लागतो, पावले जुळवून तोल सांभाळता येतो का, हेही मोजतात. या परीक्षेत पंचावन्नचा नापास होतो आणि बहात्तरचा पास. सत्तरीपुढे हृदय, मूत्रपिंडे, कर्करोग यांचे धोके वाढतात आणि सरासरी निकाल काहीसे उतरतात, हे खरेच. पण ते धोके एकेका माणसात तपासता येतात; मग जन्मतारखेवर विसंबायचे कशाला?

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे, पण ती रांगेपुरती. भारतातली बहुतेक यकृत प्रत्यारोपणे मेंदूमृत नव्हे, जिवंत दात्यांच्या जिवावर होतात. तिथे रांग नसते, घर असते. दात्याचे ६० टक्क्यांच्या आसपास यकृत काढले जाते. उरलेले काही महिन्यांत भरून येते, पण हजारातले एक ते पाच दाते दगावतात. २०११ च्या दुरुस्तीने नातवंडेही अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या ‘जवळच्या नात्यात’ आली. म्हणजे पंचाहत्तरीच्या आजोबांना बावीस वर्षांची नात यकृत देऊ शकते, आणि पासष्टीची रेघ असो वा नसो, त्यात काही फरक पडत नाही. इथे मात्र विल्यम्सचा डाव मला पटू लागतो. अशा वेळी मुलांकडे तारुण्य मागणारा ययाती हटकून आठवतो, पण सगळे पुरूच्या त्यागाशीच थांबतात. मला यदू महत्त्वाचा वाटतो. त्याने नकार दिला आणि शाप घेतला. ययातीने निदान तोंडाने मागितले तरी होते. आपल्याकडे बाप मागत नाही, घर मागते. आणि जिवंत दात्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हा योगायोग नव्हे.

सज्ञान मुलीने प्रेमाने दिले तर तुम्ही कोण अडवणारे, असा आक्षेप येईल. अडवू नये. पण ज्याला नकाराची वाट नाही त्याच्या होकाराला प्रेम म्हणण्याची घाई कशाला? कचरणाऱ्या दात्याला ‘वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य’ ठरवून मोकळे करण्याची पद्धत अनेक देशांतल्या डॉक्टरांमध्ये आहे. नीतिवादी तिला खोटेपणा म्हणतात, आणि ती आहेच. तरी यदूला शापातून वाचवणारी दुसरी युक्ती मला दिसत नाही. दात्याचा डॉक्टर रुग्णाच्या डॉक्टरहून वेगळा हवा, आणि नातीच्या रक्ततपासणीआधी आजोबांना एकट्याला बसवून विचारायला हवे की तिचे यकृत तुम्हाला हवे आहे का. आज त्यांची सहीच तेवढी घेतली जाते. यकृत कोणाचे, हे बहुतेकदा तोवर ठरून गेलेले असते.