धर्मावाचून देव

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७, ओव्या २२ ते ३१)



मनुष्याच्या मनात देवाची कल्पना असावी, परंतु त्याने कोणताही धर्म पाळू नये, असे होऊ शकेल काय? हा प्रश्न पूर्वी शहरांतील शिकलेल्या लोकांच्या तोंडी असे. आता तो आमच्या पाड्यांवरही येऊन पोहोंचला आहे. तरुण मुले म्हणतात, "देव आम्ही मानितो, धर्माची कटकट मात्र नको." हे ऐकून काही उपदेशक लागलीच रागावतात. आमच्या मते रागावण्यापूर्वी शास्त्र उघडून पाहावे हे बरे.

पौल अथेनै नगरात गेला तेव्हा त्यास तेथे एक वेदी आढळली. ती कोणा नावाच्या देवाची नव्हती. अज्ञात देवाची होती. पौलाने त्या लोकांची थट्टा केली नाही. त्याने त्या वेदीपासूनच आपले बोलणे आरंभिले, व त्यांच्याच कवींचा दाखला त्यांस दिला. धर्मशास्त्र हाती पडण्यापूर्वीही मनुष्याच्या अंतःकरणावर देवाचा काही ठसा असतो, हे त्यास मान्य होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या दोन अध्यायांतही तो हेच शिकवितो.

आता आपल्या भोवतालच्या लोकांकडे पाहा. नवे धान्य घरात आले म्हणजे वारली मनुष्य कणसरीचा मान केल्यावाचून ते तोंडी घालीत नाही. वाघोबाच्या लाकडावर चंद्रसूर्य कोरलेले असतात, हिरव्याची व हिमाईची पूजा होते, लग्न लावावयास धवलेरी येते. ह्या लोकांजवळ ग्रंथ नाही, की सभासदांची वही नाही. इंग्रजी राज्यातील खानेसुमारीत आदिवासींच्या धर्मास निराळे सदर असे. १९५१ पासून ते राहिले नाही. सदर गेले म्हणून कणसरीचा मान गेला नाही. तेव्हा "ह्यांना देव ठाऊकच नाही," असे जो उपदेशक पाड्यावर जाऊन म्हणतो, तो पौलाहून शहाणा होऊ पाहतो. वारल्याची भक्ती ज्या दैवतांकडे जाते त्यांविषयी आमचे मत निराळे आहे, आणि ते आम्ही लपवीत नाही. परंतु पहिला घास आपला नव्हे, हे त्यास कळते. म्हणून त्याचे उदाहरण धर्मावाचून देवाचे होऊ शकत नाही; ते पुस्तकावाचून धर्माचे आहे.

धर्मावाचून देवाचा खरा दाखला पाहिजे तर मुंबईस जावे लागते. तेथे १८४९ साली दादोबा पांडुरंग व त्यांचे मित्र ह्यांनी परमहंस सभा स्थापिली. देव एक आहे, जातिभेद खोटा आहे, मूर्तिपूजा नको, असे त्या सभेचे मत होते, मत उत्तम. पण सभा गुप्त होती. आत बसून ख्रिस्ती मनुष्याच्या हातचा पाव खावयाचा, आणि बाहेर येऊन आपापल्या जातीत पूर्ववत वागावयाचे, असा तो प्रकार. सुमारे १८६० साली सभेचे कागद चोरीस गेले, सभासदांची नावे उघडकीस आली, आणि सभा मोडली. बाबा पदमनजी तरुणपणी ह्याच सभेत होते. त्यांनी १८५४ साली बेळगावास उघडपणे बाप्तिस्मा घेतला. दादोबांचे बंधु आत्माराम पांडुरंग व त्यांचे सोबती ह्यांनी १८६७ साली प्रार्थना समाज काढिला, तोही उघडपणे. परमहंस सभेतील सज्जनांची देवाविषयीची कल्पना शुद्ध होती ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ती केवळ कल्पना होती. चारचौघांत उभे राहा, असे म्हणण्याचा अधिकार त्यांनी तिला दिला नव्हता.

जोतीराव फुले ह्यांची गोष्ट निराळी, आणि आमच्या दृष्टीने अधिक विचार करण्याजोगी. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, परंतु ख्रिस्ती झाले नाहीत. देवास त्यांनी 'निर्मीक' म्हटले, आणि निर्मीक व मनुष्य ह्यांच्यामध्ये भट नको, दलाल नको, असे गर्जून सांगितले. त्यांनी १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापिला, व त्याच वर्षीच्या डिसेंबरात भटावाचून लग्न लाविले. त्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मागे १८९१ साली प्रसिद्ध झाले. ज्याने धर्माची इतकी कठोर झडती घेतली त्याच्या पुस्तकाच्या नावातच धर्म हा शब्द आहे, आणि त्यात लग्न कसे लावावे, मेलेल्यास कसे पोहोंचवावे, ह्याचेही विधी आहेत. मूल जन्मले, लग्न ठरले, बाप मेला, म्हणजे मनुष्यास एकट्याने विचार करीत बसता येत नाही. चार माणसे जमतात, व देवाचे नाव एकत्र घेतात. हाच धर्माचा आरंभ होय.

जव्हाराजवळचा शिरपामाळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १६६४ साली सुरतेस जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम तेथे पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा ह्यांनी त्यांचे स्वागत केले, आणि त्या भेटीतील शिरपेचावरून माळास हे नाव मिळाले, असे सांगतात. भेट थाटाची झाली. पुढे १६७२ साली मोरोपंत पिंगळे फौज घेऊन आले, आणि त्यांनी जव्हार जिंकून घेतले. आठ वर्षांपूर्वीच्या शिरपेचाने लढाई टळली नाही. राजास पाहुणा म्हणून मान देणे निराळे, व त्याची सत्ता मानणे निराळे. (विक्रमशहास दोष देण्याचा आमचा हेतु नाही; आपले राज्य राखणे हे राजाचे कामच होय. देवापुढे मात्र आपणांजवळ राखावयाचे असे राज्य नाही.) देवाच्या कल्पनेचेही असेच आहे. ती एका रात्रीच्या मुक्कामास येते, आपण तिचा सन्मान करितो, आणि सकाळी आपला कारभार आपल्याच हाती असतो.

परंतु एवढे बोलून धर्मवाल्यांनी मिशीस पीळ भरू नये. १९९२-९३ साली ह्याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे कुपोषणाने लेकरे मेली. त्या वर्षी महाराष्ट्रात देवाच्या कल्पनेची उणीव होती काय? धर्माची होती काय? देवळे, मशिदी, उपासनामंदिरे, सर्व भरलेली होती. धर्माच्या नावाने तर त्या हिवाळ्यात मुंबईत रक्तही सांडले. याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी शुद्ध धर्माची जी ओळख दिली आहे ती काढून वाचा. त्यात पोरके व विधवा ह्यांच्या संकटात त्यांचा समाचार घेण्याची गोष्ट आधी आहे. ज्याचे नाव मंडळीच्या वहीत आहे, परंतु ज्याच्या शेजारच्या झोपडीत पेज नाही हे त्यास ठाऊक नाही, त्याजवळ धर्म आहे व देव नाही. धर्मावाचून देव मानणारा तरुण अशा मनुष्यास पाहूनच दूर गेलेला असतो. मग त्याच्यावर रागवावे कोणी?

शेवटी वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांविषयी. दिवाळी सरली म्हणजे उचल घेतलेली माणसे भिवंडी-वसईकडे जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. तितके महिने त्यांस न घंटा, न उपदेशक, न रविवार. "मग आमचा धर्म सुटला काय?" असे ती विचारितात. सुटला नाही. संध्याकाळी दोन बिऱ्हाडांनी एके ठिकाणी बसून प्रार्थना करावी, तिसऱ्या बिऱ्हाडात कोणी तापाने पडला असेल तर त्याच्या चुलीवर भाकर टाकून द्यावी; मग तो कोणत्या धर्माचा आहे हे विचारू नये. उपदेशकांनी कोण कोणत्या भट्टीवर जात आहे हे निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे, आणि नाताळापूर्वी एकदा तरी तेथे जाऊन यावे. जाताना हजेरीची वही घरी ठेवावी, व लेकरांसाठी थोडी नागली बरोबर न्यावी.