दार लावून घ्या, असे सांगणारा आवाज

शास्त्रपाठ : नहेम्या ६:१–१४



हैदराबादेतील मराठी कुटुंबांना सुलतान बाजार नवा नाही. जुन्या रेसिडेन्सीच्या शेजारी वाढलेला हा बाजार. साड्यांची, बांगड्यांची, चपलांची दुकाने. जवळच गुजराती गल्लीत रेडिओ-टीव्हीपासून मोबाइलपर्यंत सारे सामान. आणि त्याच गर्दीत आपले मराठी ग्रंथसंग्रहालय. आमच्या भगिनी येथे कापड घेताना ते चुरगाळून पाहतात, उजेडात धरतात, रंग जाईल का म्हणून विचारतात, चार दुकाने हिंडतात आणि पुन्हा पहिल्याच दुकानी येऊन भाव पाडतात. सुलतान बाजारात त्यांना फसविणे सोपे नाही.

याच भागात राहणाऱ्या एका विधवा भगिनीची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. त्या निवृत्त शिक्षिका; कित्येक वर्षे शब्बाथशाळेत त्यांनी मुलांना शिकविले. एके सकाळी त्यांना फोन आला. त्यांच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, असे पलीकडून सांगण्यात आले. मग मोबाइलच्या पडद्यावर पोलिसी गणवेशातील एक मनुष्य दिसू लागला. त्याने मोहोर मारलेला कागद दाखविला आणि फर्माविले, "दार लावून घ्या. फोन बंद करू नका. मुलाला सांगाल तर त्यालाही अटक होईल." दोन दिवस बाई त्या खोलीत बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी "तपासणीसाठी" म्हणून जन्माची पुंजी त्यांनी परक्या खात्यात भरली.

दहा रुपयांसाठी चार दुकाने हिंडणाऱ्या बाईंनी असे कसे केले? बाजारात त्या सावध होत्या. येथे त्या भ्याल्या होत्या. बाजारात सोबत कुणीतरी असे. येथे त्या एकट्या होत्या.

ही गोष्ट मला सात महिन्यांनी कळली, आणि उशीर होण्यात माझाही दोष होता. एका रविवारी उपासनेनंतर चहा घेताना कुणीतरी वर्तमानपत्रातील अशीच बातमी वाचून दाखविली. मी हसून म्हणालो, "शिकलीसवरलेली माणसेसुद्धा कशी फसतात!" बाई तेथेच कप हातात धरून उभ्या होत्या. पुढच्या रविवारी त्यांची जागा रिकामी होती. प्रकृती बरी नसेल, असे मी समजलो.

असे प्रसंग थोडे नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबादेतच एका वयोवृद्ध निवृत्त डॉक्टर बाईंना ठगांनी सुमारे सत्तर तास असेच धाकात ठेवले आणि साडेसहा लाखांहून अधिक रुपये काढून घेतले. त्या छळानंतर हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. त्या गेल्यावरही ठगांचे निरोप त्यांच्या फोनवर येतच होते. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या एका वर्षात देशातील लोकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये सायबर फसवणुकीत गेले.

आता शास्त्रपाठाकडे वळू. यरुशलेमेचा तट बांधून होत आला होता. वेशींची दारे तेवढी बसवावयाची राहिली होती. शत्रूला भिंत पाडता येईना, म्हणून त्याने भिंत बांधणाऱ्या माणसालाच गाठण्याचा यत्न केला. त्याच्या तीन युक्त्या पाहा.

पहिली आग्रहाची. सनबल्लट व गेशेम यांनी नहेम्याला ओनोच्या मैदानात भेटीस बोलाविले; एकदा नव्हे, चारदा. हातचे मोठे काम टाकून येत नाही, असे त्याने चारही वेळा कळविले. बक्षीस लागले, घरबसल्या पैसे दुप्पट होतील, अशा निरोपांना चाळीस वेळा हेच उत्तर द्यावे.

दुसरी अफवेची. पाचव्या खेपेस उघडे पत्र आले. लोक असे असे बोलतात, गेशेमही तसेच म्हणतो, एवढाच त्याला आधार. आपण रोज सकाळी मोबाइलवरून पुढे ढकलतो त्यांतील किती निरोप याच जातीचे असतात! नहेम्याने ही बनावट गोष्ट आहे असे सरळ लिहून पाठविले.

तिसरी युक्ती सर्वांत कठीण. शमाया नावाचा संदेष्टा स्वतः घरात कोंडून बसला होता. रात्री तुला मारावयास येणार आहेत, तेव्हा आपण मंदिरात जाऊन दारे लावून घेऊ, असे त्याने सुचविले. वेष देवाच्या माणसाचा, जागा पवित्र, आणि सारी घाई! पण नहेम्या थांबला. त्याने स्वतःला दोन प्रश्न विचारले. माझ्यासारख्याने पळून जावे काय? आणि मंदिरात शिरण्याचा मला अधिकार तरी आहे काय? तो याजक नव्हता. नियमशास्त्र त्याला ठाऊक होते, म्हणूनच हा माणूस देवाने पाठविलेला नसून शत्रूने पैसे देऊन उभा केलेला आहे, हे त्याला उमगले.

बंधुभगिनींनो, आपल्यालाही नियम ठाऊक असले पाहिजेत. "डिजिटल अरेस्ट" नावाची अटक भारताच्या कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवरून कुणाला अटक करीत नाहीत, तपासासाठी पैसे भरावयासही लावीत नाहीत. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. ओटीपी म्हणजे घराची किल्ली. बँकेचा मनुष्य म्हणविणाऱ्यालाही ती देऊ नये. लग्नपत्रिका, वीजबिल किंवा वाहतूक दंड म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नये; तिच्यामुळे आपला फोन परक्याच्या हाती जाऊ शकतो. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नये. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो तोच खरा मानावा.

मात्र नियम पाठ असूनही भ्यालेल्या माणसाला ते आठवत नाहीत. म्हणून चौथा अध्यायही वाचा. तट लांबलचक होता आणि काम करणारे एकमेकांपासून दूर पडले होते. तेव्हा नहेम्याने कर्णा वाजविणारा जवळ ठेवला. जेथून कर्णा ऐकू येईल तेथे सर्वांनी धावून यावयाचे, असे ठरले.

आपला कर्णा म्हणजे १९३० हा फोन क्रमांक. पैसे गेल्याचे ध्यानात येताच त्यावर कळवावे. ठग पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवितात. ते निघून जाण्यापूर्वी खबर मिळाली तर बँकांना ते अडवून ठेवता येतात. तासाभरात कळविणे आणि सात महिन्यांनी कळविणे यांत फार अंतर आहे. परंतु लाजेने तोंड मिटलेले असेल तर कर्णा वाजणार कसा? आणि ती लाज पुष्कळदा आपल्याच हसण्याने उत्पन्न होते.

मी त्या बाईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाळकसाहेब, पैशाचे सोडा. त्या दोन दिवसांत कुणी दाराची कडी वाजविली असती ना, तर मी उठले असते."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपल्या मंडळीत एकटे राहणारे वृद्ध किती आहेत? दोन दिवस त्यांचा आवाज आला नाही तर कडी कोण वाजवितो? महिला मंडळाने व तरुण संघाने ही घरे आपसांत वाटून घ्यावी. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी नहेम्याचा पाठ शिकविताना एका मुलाला शमाया करावे, दुसऱ्याला नहेम्या. आणि प्रत्येक मुलाकडून १९३० हा आकडा ठळक लिहून घेऊन आजीच्या फोनजवळ चिकटवावयास सांगावे. थोरल्या मुलांना हेही बजावावे की चार पैशांसाठी आपले बँक खाते दुसऱ्याला वापरावयास देणे म्हणजे चोराची पिशवी धरणे होय.

ठग म्हणतो, दार लावून घे, कुणाला सांगू नकोस. आपला प्रभू तर दाराशी उभा राहून ठोकीत असतो. त्याच्या लोकांनीही एकमेकांच्या दाराशी जावे. येत्या आठवड्यात एक तरी कडी वाजवा.

बाई गेल्या महिन्यापासून उपासनेस पुन्हा येऊ लागल्या आहेत. ही हकीकत त्यांच्याच अनुमतीने लिहिली आहे. देव आपणा सर्वांस सावध बुद्धी आणि कोवळे अंतःकरण देवो. आमेन.