शून्याचा रकाना

आजींनी मला आयसीयूच्या दाराशी गाठलं. नातू सहा दिवसांचा, वजन पावणेतीन किलो. फुप्फुसांकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या चारही शिरा हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोडल्याच गेल्या नव्हत्या. त्या खाली यकृताकडे उतरून तिथे अडकल्या होत्या. 'थोडा वेळ सगळंच बंद ठेवावं लागतं' हे डॉक्टरांचं एकच वाक्य आजींनी धरून ठेवलं होतं.

"बंद होतं तेव्हा जीव कुठं होता गं त्याचा?"

मी पर्फ्युजनिस्ट. हार्ट-लंग मशीन चालवते. एवढ्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम पाव लिटर. नळ्या आणि ऑक्सिजनेटर भरायला लागणारं रक्त पेढीतून येतं, त्यामुळे मशीनवर असताना बाळाच्या अंगात फिरणाऱ्या रक्तात अनोळखी माणसाचा वाटा मोठा असतो. एरवी पोटॅशियमचं द्रावण देऊन हृदय थांबवतात, पण माझा पंप चालू असतो. अशा काही शस्त्रक्रियांत मात्र बाळाला १८ अंशांपर्यंत थंड करून पंपही थांबवतात. रक्त माझ्या रिझर्व्हॉयरमध्ये उतरतं, हृदय रिकामं होऊन चपटं पडतं, डोक्याभोवती बर्फ. सर्जन केसासारख्या दोऱ्याने त्या शिरांची मोट डाव्या कप्प्याच्या पाठीला शिवत असतात. मॉनिटरवर सपाट रेषा. माझ्या तक्त्यात फ्लोच्या रकान्यात शून्य, खाली पुन्हा शून्य.

सत्यवानाच्या देहातून यमाने पाश टाकून जीव, म्हणजे अंगठ्याएवढा पुरुष, ओढून काढला, असं महाभारतात आहे. कठोपनिषदातही तो अंगठ्याएवढाच. वडाला सूत गुंडाळणाऱ्या आईच्या मागे फिरताना मला पडलेला प्रश्न निराळाच होता: अंगठा कुणाचा? नवजात बाळाचं हृदय त्याच्याच मुठीएवढं असतं. माझा अंगठा त्यात मावायचा नाही. पाश तर आमच्याकडेही आहेत. कॅन्युला, म्हणजे रक्ताची नळी, जागेवर धरायला दोरा आवळतात, त्याला आम्ही स्नेअर म्हणतो.

१९५४ मध्ये मिनियापोलिसला वॉल्टन लिलेहाय यांनी मशीनऐवजी एका मुलाच्या बापालाच जोडून घेतलं. बापाचं हृदय दोघांचं रक्त फिरवत होतं. 'जीव बापापाशी होता' हे उत्तर आजींना लगेच पटलं असतं. माझ्या बंद पंपाबद्दल तसं काय सांगू?

"आजी, जीव म्हणजे डब्यात ठेवलेली वस्तू नाही, तो कुठं होता असं विचारायला," मी म्हटलं. पुस्तकी झालं ते. आजींनी ते बाजूला सारलं.

"बियाणाची ज्वारी राख लावून ठेवतो आम्ही. तिला कुणी विचारतं का, वर्षभर जीव कुठं होता म्हणून? पाऊस पडला की कळतं."

उपमा मला आवडली, तरी पुरती पटली नाही. बी थांबण्यासाठीच घडलेलं असतं, मेंदू तसा नसतो. थंडीने त्याची भूक मंदावते, संपत नाही. म्हणून सर्जन सारखे वेळ विचारतात आणि तीस-चाळीस मिनिटांच्या आत रक्त सुरू करायची धडपड असते. त्यापलीकडे रेषा तशीच सपाट दिसेल, पण तिचा अर्थ बदलत जाईल. रेषेकडे बघून ते सांगता येत नाही. पुढे काय झालं त्यावरून मागचं ठरतं, आणि हे मला अजून पचलेलं नाही. त्या क्षणी मी ज्याच्या शेजारी बसलेली असते, तो आहे की नाही हे नंतरच्या घटनेने का ठरावं? पण बियाणाचंही तसंच असतं की. काही दाणे उगवत नाहीत, आणि ते कधी मेले हे कुणालाच कळत नाही.

आजींना एवढं सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं, "तेवढ्या वेळात तू कुठं उठून जातेस का?"

"नाही. पंपाच्या बटणापाशीच बसून असते."

"मग झालं," म्हणाल्या, आणि आईचं दूध आत कधी पाठवायचं ते विचारायला सिस्टरकडे गेल्या.